ब्रेकमधला बुडबुडा

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही, सेनापतीही नाही. मागच्या भागांखाली तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, "साहेब, तुम्ही ईएमईचे, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातले. मग यंत्रांचा इतिहास कधी सांगणार?" तो आज सांगतो. विषय ऐकायला अगदी लहान आहे. मोटरसायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये अडकलेली हवा आणि ती बाहेर काढण्याचं काम. मेकॅनिक याला ब्लीडिंग म्हणतात, साध्या भाषेत 'ब्रेकची एअर काढणं'.

विषय लहान असला तरी त्यात दोन मोठे शास्त्रज्ञ आहेत, एक कुलूपवाला आहे, विमानं बनवणारे दोन भाऊ आहेत आणि शेवटी माझी स्वतःची एक चूक आहे. ती मी दहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तिच्यामुळेच हा इतिहास मी नीट वाचला, म्हणून ती आज सांगणार आहे.

आधी एक करा. तुमच्या दुचाकीला पुढे डिस्क ब्रेक असेल, तर गाडी बंद असताना पुढच्या ब्रेकचं लिव्हर दाबून बघा. थोडं आत जाऊन ते दगडासारखं घट्ट लागलं पाहिजे. ते स्पंज दाबल्यासारखं लागत असेल आणि हळूहळू मुठीकडे येत असेल, तर आत हवा असण्याची दाट शक्यता आहे. घट्ट आणि मऊ यांतल्या या फरकामागे साडेतीनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर

फ्रान्सच्या मध्यभागी क्लेरमाँ नावाचं गाव आहे. ब्लेझ पास्कल तिथे १६२३ साली जन्मला. गावाशेजारी प्युई द दोम नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे, उंची सुमारे १,४६५ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा कमी. त्या काळी वाद चालला होता, की हवेला वजन असतं की नसतं. इटलीत टॉरिचेलीने पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली होती. नळीतला पारा एका उंचीवर थांबतो. पास्कलचं म्हणणं असं, की बाहेरची हवा त्याला दाबून धरते. मग डोंगरावर गेलं तर वरची हवा कमी, म्हणजे दाब कमी, म्हणजे पारा खाली उतरायला हवा.

पास्कलची प्रकृती नाजूक होती आणि तो राहत होता पॅरिसमध्ये. त्याने क्लेरमाँमधल्या आपल्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला पत्र लिहिलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए काही मंडळींना घेऊन नळी आणि पारा सांभाळत डोंगर चढला. दुसरी नळी त्याने खाली एका मठाच्या बागेत ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होता. खालचा पारा हलला नाही. शिखरावरचा पारा तीन इंचांहून थोडा जास्त उतरलेला होता. उंची वाढली की हवेचा दाब घटतो, हे त्या दिवशी मोजून सिद्ध झालं.

हा डोंगर लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

याच पास्कलने द्रवांच्या समतोलावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो त्याचा आशय असा. पाण्याने भरलेलं बंद भांडं घ्या. त्याला दोन तोंडं, एक लहान आणि दुसरं त्याच्या शंभर पट मोठं. दोन्हींत घट्ट दट्ट्या बसवा. आता लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावेल, तर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांची तो बरोबरी करेल. कारण बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पास्कल १६६२च्या ऑगस्टमध्ये वारला, वय अवघं ३९. ग्रंथ त्याच्या पश्चात १६६३ साली छापला गेला.

तुमच्या मोटरसायकलचा डिस्क ब्रेक म्हणजे पास्कलचं हेच भांडं. हँडलवरचा मास्टर सिलिंडर हा लहान दट्ट्या, चाकावरच्या कॅलिपरमधले पिस्टन हा मोठा दट्ट्या, आणि मधला होज म्हणजे भांड्याचं पोट. दोन बोटांच्या जोरावर पावणेदोनशे किलोची गाडी आणि वर दोन माणसं थांबतात.

हवेची स्प्रिंग

पास्कल वारला त्याच १६६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने आपला हवेचा नियम प्रसिद्ध केला. इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळवलेली काचेची नळी घेऊन, एका टोकाला हवा कोंडून, दुसऱ्या टोकाने तो पारा ओतत गेला. दाब दुप्पट केला की हवा निम्म्या जागेत बसते, तिप्पट केला की एक तृतीयांश जागेत. हवेच्या या गुणाला त्याने शब्द वापरला तो 'हवेची स्प्रिंग'. आज कुठलाही मेकॅनिक लिव्हर दाबून म्हणतो, "साहेब, स्प्रिंगसारखं लागतंय." त्याला बॉइल माहीत नसतो, पण शब्द तोच सापडतो.

ब्रेकच्या नळीतला सगळा झगडा हा या दोन नियमांमधला आहे. द्रव पास्कलचं ऐकतो. तो दाबला जात नाही, म्हणून जोर जसाच्या तसा पुढे पोचवतो. हवा बॉइलचं ऐकते. ती आधी स्वतः आक्रसते आणि तुमच्या हाताची हालचाल गिळून टाकते.

हिशेब करून पाहू. मास्टर सिलिंडर अर्ध्या इंचाचा धरा. लिव्हर पूर्ण ओढल्यावर दट्ट्या साधारण १० मिलिमीटर सरकतो. म्हणजे पुढे ढकललं जातं ते सव्वा मिलिलिटर तेल, चहाच्या चमच्याचा चौथा हिस्सा. ब्रेक लावताना आत वातावरणाच्या ३० पट दाब होतो असं धरू. आता नळीत ०.४ मिलिलिटर हवा आहे, साधारण वाटाण्याएवढी. तीसपट दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होते. याचा अर्थ सव्वा मिलिलिटरमधलं सुमारे ०.४ मिलिलिटर तेल नुसती हवा दाबण्यात खर्च झालं. लिव्हरची तीस टक्के हालचाल वाया. एवढ्याशा हवेचा हा पराक्रम.

कुलूपवाला आणि विमानवाले

पास्कलचं भांडं कागदावर होतं. ते लोखंडात आणलं जोसेफ ब्रामाने. हा यॉर्कशायरचा माणूस, लंडनमध्ये त्याच्या कुलपांचं नाव होतं. १७९५ साली त्याने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. त्याची मुख्य अडचण गळतीची होती. दट्ट्या सैल ठेवला तर पाणी फसफसून बाहेर येई, घट्ट केला तर दट्ट्या हलेना. तोडगा निघाला तो चामड्याच्या कडीचा. श्रेय त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्लेला दिलं जातं. कडीची ओठासारखी कड अशी ठेवली, की आतल्या पाण्याचा दाब वाढला की ती आपोआप भिंतीला घट्ट चिकटावी. दाब जेवढा जास्त, तेवढी पकड जास्त.

तुमच्या मास्टर सिलिंडरमधली रबरी वाटी ही त्याच कडीची नात. मेकॅनिक तिला कप म्हणतात. तिचा एक स्वभाव मात्र ध्यानात घ्या. ती दाबाच्या बाजूने राखण करते. आत दाब असताना तेल बाहेर येऊ देत नाही. पण वाटी जुनी, कडक झाली असेल आणि लिव्हर झटकन सोडलं, तर क्षणभर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि हवा तिच्या कडेवरून आत सरकू शकते. म्हणून "तेल तर कुठेच गळत नाही, मग हवा आली कुठून?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा या वाटीत असतं.

आता अमेरिकेत चला. कॅलिफोर्नियात ॲलन आणि माल्कम हे दोन भाऊ विमानं बनवत होते. आडनाव लॉकहीड, पण स्पेलिंग असं की लोक भलताच उच्चार करत. पुढे त्यांनी उच्चाराप्रमाणे स्पेलिंगच बदलून घेतलं. माल्कमने १९१७ साली मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट मागितलं आणि १९१९ साली विमानं सोडून डेट्रॉइट गाठलं. तोपर्यंत मोटारींचे ब्रेक दांड्या आणि तारांवर चालत. चार चाकांच्या चार दांड्या सारख्या ओढल्या जात नसत, एक चाक आधी धरायचं आणि गाडी फिरायची. द्रवाला ही अडचण नाही. तो चारही चाकांना सारखाच दाब देतो.

१९२१ साली ड्युसेनबर्ग कंपनीची मोटार चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक घेऊन बाजारात आली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल माँ इथे जिमी मर्फीने ड्युसेनबर्गच्याच गाडीने फ्रेंच ग्रँप्री जिंकली. तिच्याही चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. पास्कलचा नियम त्याच्याच देशात अमेरिकन गाडीत बसून शर्यत जिंकून गेला. १९२४ साली क्रायस्लरने गळक्या चामड्याऐवजी रबरी वाट्या बसवून हे ब्रेक साध्या गिऱ्हाइकाला परवडतील अशा मोटारीत आणले.

धाकट्या भावाने, ॲलनने, १९२६ साली त्याच नावाने पुन्हा विमानांची कंपनी काढली. तिच्याच वारशातली कंपनी आज सी-१३० जे बनवते. आपल्या वायुदलाने २० ऑगस्ट २०१३ रोजी हेच विमान लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर, १६,६१४ फुटांवर उतरवलं. लडाखमध्ये नोकरी केलेल्या आम्हा लोकांना त्या दिवशी फार आनंद झाला होता. आमच्या गाड्यांच्या ब्रेकमध्येही त्याच घराण्याची विद्या होती.

मोटरसायकलला उशीर

मोटारीत हायड्रॉलिक ब्रेक आले तरी मोटरसायकल पुढे कित्येक वर्षं तारेवरच होती. आपल्याकडची बुलेटच घ्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्याने ती घेतली आणि १९५५ पासून मद्रासला एनफील्ड इंडियात ती तयार होऊ लागली. मी नोकरीला लागलो तेव्हाही आमच्या डीआरच्या, म्हणजे डाक पोचवणाऱ्या स्वाराच्या बुलेटला ड्रम ब्रेक होते. पुढे तार, मागे दांडी. तार ताणते, गंजते, कधी तुटते. पण तारेत बुडबुडा शिरत नाही. जे बिघडायचं ते डोळ्यांना दिसतं.

१९६९ साली होंडाची सीबी ७५० आली. मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या मोटरसायकलला पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क, ही ओळख तिने रूढ केली. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात ही डिस्क पोचली ती प्रामुख्याने १९९९च्या हिरो होंडा सीबीझेडपासून आणि मग पल्सरसारख्या गाड्यांमधून. नंतर सरकारने १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं केलं, १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना.

ब्रेक उत्तम झाले यात शंका नाही. पण त्याबरोबर न दिसणारा बिघाडही घरोघरी आला. तार सैल झाली की शेजारचा पोरगाही दाखवतो. नळीतला बुडबुडा कुणाला दिसत नाही.

सुभेदार साहेब

हे मला पहिल्यांदा शिकवलं ते आमच्या वर्कशॉपमधल्या एका सुभेदार साहेबांनी. गाव गडहिंग्लजकडचं. मी तेव्हा नवा लेफ्टनंट, सिकंदराबादच्या कॉलेजातून कोर्स करून आलेला, म्हणजे सगळं येतं असं वाटणारा. लडाखमध्ये आमच्याकडे एक जोंगा दुरुस्तीला आली होती. तिचे ब्रेक हायड्रॉलिक. एक जवान पेडलवर, दुसरा चाकाखाली निपलवर पाना लावून. "दाब", "धर", "खोल", "बंद", "सोड" अशा आरोळ्या चाललेल्या. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात, जवळचं चाक शेवटी.

गाडी संध्याकाळी परत द्यायची होती. मी पेडल दाबून पाहिलं. किंचित मऊ होतं. मी म्हणालो, "साहेब, चालेल."

सुभेदार साहेबांनी हात पुसले. म्हणाले, "सर, ब्रेकात चालंल म्हंजे काय? एक तर थांबतंय, न्हाई तर न्हाई."

गाडी त्या रात्री गेली नाही. साहेबांनी चारही चाकांची हवा पुन्हा काढली. शिवाय तेलाचा अर्धा डबा, जो आठवड्यापूर्वी उघडलेला होता, तो बाजूला ठेवायला लावला आणि नवा फोडला. मला ती उधळपट्टी वाटली. कारण त्यांनी सांगितलं. आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण बहुतेक गाड्यांतलं हे द्रव तेल नसतंच, ग्लायकॉलच्या जातीचं रसायन असतं. ते हवेतलं पाणी मिठासारखं ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, आणि ३.७ टक्के पाणी शोषलेलं असताना निदान १५५. घाटात ब्रेक तापले आणि आतलं पाणी वाफ झालं, की वाफ हवेसारखीच वागते. बाहेरून हवा शिरायचीही गरज राहत नाही.

हे सगळं मी ऐकलं, वहीत लिहिलं आणि पुढच्या नोकरीत पुढच्या लेफ्टनंटांना शिकवलं. आणि निवृत्त झाल्यावर स्वतः विसरलो.

तांगलांग ला, जुलै २०१४

माझी थोरली बहीण इंदूरला असते. तिच्या मुलाला, माझ्या भाच्याला, लडाखला मोटरसायकलने जायचं होतं. ताई म्हणाली, "तुझ्याबरोबर जाणार असेल तरच पाठवते." आम्ही दोघांनी गाड्या रेल्वेने चंडीगडला पाठवल्या. तिथे उतरवून घेताना त्याच्या गाडीचा पुढचा ब्रेकचा होज चेपलेला दिसला. नवा होज आणला. मी म्हणालो, "मेकॅनिक कशाला, हे तर माझं काम."

उतरलो होतो त्या घराच्या अंगणात मी होज बदलला आणि हवा काढायला बसलो. ऊन कडक होतं. काम करताना बोलत होतो, जुन्या गोष्टी सांगत होतो, आणि हँडलवरच्या टाकीतलं तेल तळाला गेलं हे उशिरा लक्षात आलं. टाकी रिकामी झाली की मास्टर सिलिंडर वरूनच हवा गिळतो. मग पुन्हा सुरुवात. नवी बाटली संपली, तेव्हा सामानातली वर्षभरापूर्वी उघडलेली बाटली वापरली. शेवटी लिव्हर जरा मऊ, पण ब्रेक लागत होता. मी म्हणालो, "चालेल."

तोच शब्द.

मनाली, रोहतांग, केलाँग, बारालाचा. सरचूला मुक्काम होता. सकाळी भाचा म्हणाला, "मामा, लिव्हर कालपेक्षा मऊ लागतंय." मी दाबून पाहिलं. खरं होतं. म्हणालो, "थंडीने असेल. चल." तो गप्प बसला. मामा ईएमईचा, त्याने काय बोलावं?

मोरे मैदान सपाट आहे. तिथे ब्रेकचं काम पडत नाही. मग तांगलांग ला, ५,३२८ मीटर. फोटो झाले, पाणी प्यालो, आणि पलीकडे रुम्त्सेच्या बाजूने उतरायला लागलो. मी मागे होतो. सात-आठ वळणं झाल्यावर पुढच्या वळणावर त्याच्या गाडीचा मागचा दिवा पेटलेला, पण वेग कमी होत नव्हता. लिव्हर मुठीला टेकलं होतं. त्याने गिअर खाली टाकले, मागचा ड्रम ब्रेक दाबला, चाक खडीवर घसरलं. उजवीकडे दरी. पोराने शहाणपणा केला आणि गाडी डावीकडे डोंगराच्या अंगावर घातली. मनगट मोडलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मागून येणाऱ्या सैन्याच्या ताफ्यातल्या नर्सिंग असिस्टंटने हात फळीला बांधला आणि त्यांनीच त्याला लेहला नेलं.

गाडी नंतर ट्रकने लेहला आली. मी एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने लिव्हर दाबून पाहिलं आणि म्हणाला, "थोडा नरम आहे, पण ब्रेक लागतोय की."

खरंच लागत होता. तांगलांग लाच्या उतारावर गेलेला ब्रेक लेहला परत आला होता.

मग सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला. पोरगं उतारावर जोरात चालवत होतं. ताईने फोनवर त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "हो आई, माझंच चुकलं." मी शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही.

पेरिएचा डोंगर, पुन्हा

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. प्युई द दोमवर पेरिएचा पारा का उतरला होता? वर हवेचा दाब कमी. बॉइल काय सांगतो? दाब कमी झाला की कोंडलेली हवा फुगते. आणि लिव्हर सोडलेलं असताना ब्रेकची नळी टाकीशी जोडलेली असते. टाकीच्या झाकणाखालचं रबर बाहेरच्या हवेचा दाब आतल्या तेलापर्यंत पोचू देतं. म्हणजे नळीतल्या बुडबुड्याला डोंगराची उंची कळते.

चंडीगडला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९६ टक्के. तांगलांग लावर ५२ टक्क्यांच्या आसपास. मी सोडलेला बुडबुडा ०.४ मिलिलिटरचा धरला, तर वर तो ०.७४ झाला. फुगताना त्याने जास्तीचं तेल टाकीत परत ढकललं. खाली लिव्हरची तीस टक्के हालचाल खाणारी हवा वर साठ टक्क्यांच्या जवळ खात होती. उतारावर ब्रेक तापले, हवा आणखी फुगली, आणि त्यात माझ्या वर्षभर उघड्या बाटलीतलं पाणी. त्या उंचीवर पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. मग लिव्हर मुठीला टेकलं यात नवल काय?

आणि लेहला? उंची ३,५०० मीटर, गाडी थंड. बुडबुडा आक्रसला, ब्रेक परत आला आणि पुरावा नाहीसा झाला. घाटावर अपघात घडवून खाली निर्दोष दिसणारा असा हा बिघाड. भाचा जोरात चालवत नव्हता. सरचूला त्याने मला बरोबर सांगितलं होतं.

काम नीट कसं करायचं

आता तुमच्यासाठी थोडक्यात. एबीएस असलेल्या गाडीच्या मॉड्युलेटरमध्ये हवा गेली, तर बहुतेक वेळा ती काढायला कंपनीचं यंत्र लागतं. ती गाडी वर्कशॉपमध्येच न्या. साध्या डिस्क ब्रेकसाठी क्रम असा.

टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, सीलबंद बाटलीतलं द्रव घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. हे द्रव रंग खातं, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका आणि सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचं टोक थोडं द्रव भरलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर हळू दाबून धरा, निपल पाव फेरा खोला, बुडबुडे आणि जुनं द्रव जाऊ द्या, निपल बंद करा, आणि मगच लिव्हर सोडा. आधी लिव्हर सोडलं तर निपलमधून हवा उलटी आत जाते. दर चार-पाच वेळांनी टाकी भरा, पातळी खुणेखाली जाऊ देऊ नका. हवा हलकी, ती वर चढते, म्हणून हँडलजवळच्या होजच्या जोडापाशी लपते. तिथे पोकळ बोल्ट असतो. फडकं गुंडाळून, लिव्हर दाबून धरून, तो किंचित सैल करून पुन्हा कसला की तिथली हवाही निघते. दर दोन वर्षांनी द्रव पूर्ण बदला.

आणि शेवटी लिव्हर दाबून पाहा. ते दगडासारखं लागलं नाही, तर काम झालेलं नाही. डोंगरात जाणार असाल तर मुळीच झालेलं नाही.

राहिलेलं काम

हा भाग करायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, की पास्कल आणि बॉइल सांगायचे आणि आपल्याबद्दल गप्प राहायचं, हे पुन्हा 'चालेल' म्हणण्यासारखंच आहे. म्हणून चित्रीकरणाच्या आधी मी इंदूरला गेलो. जेवणं झाल्यावर ताई आणि भाचा दोघांसमोर सगळं सांगितलं, हिशेबाचा कागदही दाखवला.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दहा वर्षं मी याला हळू चालव, हळू चालव म्हणत्येय. आणि तू ऐकत होतास." एवढंच. पुढे ती ताटं उचलायला लागली. ते ऐकणं मला सुभेदार साहेबांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

भाच्याने कागद नीट वाचला. म्हणाला, "मामा, मला माहीत होतं मी जोरात नव्हतो. पण तुम्ही ब्रेक केलाय म्हटल्यावर ब्रेकवर शंका घ्यायचं मनात आलं नाही." मग आम्ही दोघं खाली गेलो. त्याच्या आताच्या गाडीला एबीएस आहे, तिला मी हात लावला नाही. मुलीसाठी घेतलेल्या स्कूटरला साधी डिस्क आहे. तिचं द्रव तीन वर्षं बदललेलं नव्हतं. सीलबंद बाटली आणली आणि तो लिव्हरवर, मी निपलवर, असं बसलो.

"दाब." "धर." "खोल." "बंद." "सोड."

शेवटी त्याने लिव्हर दाबून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणालो नाही. तो म्हणाला, "अजून दोनदा काढू." आम्ही अजून दोनदा काढली.

आज एवढंच. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.